लोकसभेत आमची ताडपत्री

सोमवार हा आमच्या घरी महादेवाचा वार. अधिवेशन चालू असलं की तोच वार लोकसभेत अर्थ खात्याच्या प्रश्नांचा. या दोन गोष्टी एकाच दिवशी याव्यात, यात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, देवाचाच हात दिसायचा. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, दिवसभराचा उपवास, आणि अकराच्या ठोक्याला दुकानातल्या टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास. त्या तासात गिऱ्हाईक आलं तर आप्पा तोंडाने काही बोलत नसत, बोटाने बाकडं दाखवत. गिऱ्हाईक मुकाट बसायचं. पाटोद्यात चिवट दोर आणि खात्रीची ताडपत्री मिळायचं ठिकाण आमचंच असल्यामुळे त्याला दुसरा इलाज नसायचा.

मी बी.कॉम. करून चार वर्षं बाहेर नोकरी केली आणि मग आप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दुकानात येऊन बसले. माझी जीभ जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. बापाची थट्टा करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

अर्थमंत्री कुठल्या पक्षाचा, याच्याशी आप्पांना देणंघेणं नव्हतं. सरकारं आली, गेली, आप्पांनी सगळ्यांना एकाच तराजूत तोललं. मंत्री कागद वाचून उत्तर देतोय की डोळ्यांत बघून, याकडे त्यांचं लक्ष. मंत्र्याने मध्येच पाण्याचा पेला उचलला की म्हणायचे, "पानी पिलं. म्हंजी आकडा न्हाई जवळ." आणि मंत्री "माननीय सदस्यांनी फार महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे" असं म्हणाले की आप्पा मांडीवर थाप मारायचे. "सपला! आता ह्येला उत्तर येत न्हाई." दहातल्या आठ वेळा त्यांचा अंदाज खरा निघायचा.

हे खूळ घरापर्यंत आलं होतं. आप्पांनी ताटावर बसून "आमटीत मीठ कावून कमी हाय?" असं विचारलं की आई मान वर न करता म्हणायची, "लेखी उत्तर मिळंल." आप्पांनी पुन्हा तोंड उघडलं की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "पुरवणी प्रश्नाला येळ न्हाई." एवढ्या वर्षांत आईला राज्यघटना आप्पांपेक्षा जास्त समजली होती, असं माझं मत आहे.

आप्पांची आणखी एक रीत होती. बाजारात बाकी कुणी पावतीचा आग्रह धरत नाही; गिऱ्हाईकही मागत नाही. आप्पा मात्र घागर घ्या नाहीतर दोर घ्या, पावती करायचेच आणि वर ती मोठ्यांदा वाचून दाखवायचे. आधी मालाची किंमत. मग चष्मा सारखा करून, "आन् ह्यो कर. ह्यो माझा न्हाई, सरकारचा. ह्यातून रस्ता व्हतो, शाळा व्हती, दवाखाना व्हतो." एखादा वाकडा माणूस म्हणायचा, आप्पा, कर वगळा की, कोण बघायलंय. आप्पा त्याला म्हणायचे, "मंग रस्त्यातल्या खड्ड्याला शिव्या देऊ नको." अशाने चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ते मला ठाऊक आहे, कारण हिशेब मीच बघते.

दसरा झाला की आमचे दिवस येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या सामान भरायला बाजारात उतरतात. कोयते, दोर, पत्र्याचे डबे, बॅटऱ्या, आणि सगळ्यांत आधी ताडपत्री. फडाच्या कडेला जी झोपडी उभी राहते, तिला हे लोक कोपी म्हणतात. कोपीवर ताडपत्री नसेल तर ती कोपी नव्हेच. त्या पंधरा दिवसांत आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि मला जेवायला वेळ नसतो.

अशाच एका दुपारी, जिला आम्ही नुसती मावशी म्हणायचो, ती आली. शिरूर कासारकडच्या गावची, दरसाल टोळीत जाणारी. दहा वर्षं तरी ती आमच्याकडेच ताडपत्री घेत आली होती. काटक अंगाची, बोलायला फटकळ; माझं आणि तिचं त्यामुळे चांगलं जमायचं. तिने निळी ताडपत्री उलगडून, ताणून, दातांनी कड चावून बघितली. सौदा झाला. आप्पांनी रिवाजाप्रमाणे पावती वाचायला घेतली, मालाची किंमत वाचली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आन् ह्यो कर. ह्यातून रस्ता व्हतो, शाळा व्हती..."

"कोनचा रस्ता?" मावशी म्हणाली. "आमच्या कोपीपस्तोर कोनचा रस्ता येतोय आप्पा?"

आप्पा हसले. "कोपीपस्तोर न्हाई माय, पर गावात..."

"गावात मी असते कवा? आन् ह्यो कर कशावर हाय ते तर सांगा. ह्ये माझं घर हाय. सा महिनं मी ह्येच्याखाली ऱ्हाते."

"घराच्या सिमेंटावर बी कर हाय मावशी. मी बी भरलाय."

"तुमी एकडाव भरला आन् जलमाचं छत झालं," मावशी म्हणाली. "माझं छत दर दोन सालाला फाटतंय. दर दोन सालाला मी कर भरते. पक्क्या घरवाल्यानं एकदा, आन् फाटक्या घरवाल्यानं घडीघडीला. ह्यो हिशेब सरकार कोनच्या शाळंत शिकलं?"

बाकड्यावरची दोघंतिघं हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत लोकसभेत इतका नेमका प्रश्न आपण ऐकला नाही, असं ते नंतर मला म्हणाले. त्या वेळी मात्र ते एकदम छाती काढून म्हणाले, "मावशी, ह्ये मी मंत्र्याला इचारतो."

"खरंच इचारता?"

"शब्द हाय माझा."

"मंग असं करते," मावशी म्हणाली आणि तिने ताडपत्रीची घडी घालायला घेतली. "ही ऱ्हाऊ द्या. उत्तर आलं म्हंजी घेते. तवर जुनीवर ढकलते."

मी वहीत लिहायला घेतलेली विक्री खोडली. आप्पांना मात्र कोण आनंद! ते तिला म्हणाले असते की, बाई, उत्तराला महिनेच्या महिने लागतात, तू आपली ताडपत्री घेऊन जा, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एका बाईने संसदेच्या उत्तरावर आपली खरेदी ठेवली, यानेच ते हरखून गेले. त्यांनी तिला चहा पाजला. तिची ताडपत्री वेगळी काढून वरच्या फळीवर ठेवली. मीही गालातल्या गालात हसत होते. जुनी ताडपत्री कशी आहे, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या आत्याचा मुलगा दिल्लीत एका खासदारांच्या कार्यालयात कामाला आहे. खासदार आपल्या भागातले नव्हते, लांबच्या मतदारसंघातले, पण भला माणूस. आप्पांनी भाच्याला फोन लावला आणि दोन दिवस बसून प्रश्न लिहिला. तीन पानं झाली. सुरुवात "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" अशी होती आणि शेवटी मंत्र्यांच्या प्रकृतीची चौकशी होती. मधे मावशीचं म्हणणं, आप्पांचं म्हणणं, निजामाच्या काळी काय व्हायचं त्याची हकिकत, आणि सिमेंट व ताडपत्री यांची तुलना. मी टाइप करून पाठवलं. आत्याच्या मुलाचा दहा मिनिटांत फोन.

"मामा, प्रश्न दीडशे शब्दांच्या आत पायजे. युक्तिवाद चालत न्हाई. उपरोध चालत न्हाई."

"उपरोध काढला तर खाली ऱ्हातंय काय बे?" आप्पा ओरडले.

शेवटी कात्री माझ्या हातात आली. मी नमस्कार कापला, निजाम कापला, प्रकृती कापली. मावशीचं ते पक्क्या आणि फाटक्या घराचं वाक्यही कापलं, कारण तो युक्तिवाद होता. राहिलं एवढंच: स्थलांतरित मजुरांना निवाऱ्यासाठी लागणाऱ्या ताडपत्रीवरचा कर माफ अथवा कमी करण्याचा प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन आहे काय, नसल्यास त्याची कारणे काय, आणि अशा मजुरांच्या तात्पुरत्या वस्त्यांवरील सोयींसाठी सरकारने कोणता खर्च केला आहे. आप्पांनी ते वाचलं आणि सोलून ठेवलेल्या कणसाकडे बघावं तसं बघितलं. "दाणं तर समदं तूच काढून घेतलंस," म्हणाले. मग त्यांनी भाच्याला बजावलं की मावशीचं वाक्य खासदारसाहेबांनी पुरवणी प्रश्नात घ्यायचंच, नाहीतर मामा मेला समज.

दिवाळी झाली. टोळ्या गेल्या. बाजार ओस पडला. वरच्या फळीवर ती एक निळी ताडपत्री राहिली. आप्पा तिच्यावरची धूळ झटकायचे आणि कुणी भाव विचारला तर म्हणायचे, "ती न्हाई. ती लोकसभेत हाय."

हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि एक दिवस फोन आला. प्रश्न सोडतीत निघाला होता. नुसता निघाला नव्हता, तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार होतं. यादीत सहावा. आप्पांनी लगेच बोटं मोजली. एका तासात पाच-सहा प्रश्न होतात. एखाद्याने लांबण लावली तर सहावा राहतो, मग उत्तर नुसतं कागदावर. त्या रविवारी त्यांनी आईला सांगितलं, माझा कोट काढून ठेव. टीव्ही बघायला कोट! आईने काढून ठेवला. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर आला.

सोमवारी दुकानात शेजारचे शिंपीकाका आले, निवृत्त गुरुजी आले, चहावाला किटली घेऊन आला तो गेलाच नाही. पहिला प्रश्न बँकांचा. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने आपल्या मतदारसंघाचा इतिहास सुरू केला. आप्पा टीव्हीवर खेकसले, "अध्यक्षमहाराज, थांबवा की ह्येला!" आणि काय सांगू, अध्यक्षांनी त्याला थांबवलं. दुसरा प्रश्न कुठल्या तरी उपकराचा, तिसरा राज्यांना मिळणाऱ्या वाट्याचा. मंत्री शांतपणे उत्तरं देत होते. सदस्य रागावले तरी आवाज चढवत नव्हते. चौथ्या प्रश्नावर गोंधळ झाला, पाच मिनिटं फुकट गेली. आप्पांचा पाय हलायला लागला. पाचव्याला विचारणारे सदस्यच गैरहजर. "देव पावला," गुरुजी म्हणाले. बाराला सात मिनिटं कमी असताना अध्यक्षांनी आमचा प्रश्न पुकारला.

मंत्री उठले. उत्तर सभापटलावर ठेवत आहे, म्हणाले आणि बसले. दुकानातला एकजण म्हणाला, "झालं?" आप्पांनी त्याला हाताने गप्प केलं. मग ते लांबचे खासदार उठले आणि हिंदीत, अगदी सावकाश, मावशीचं वाक्य बोलले. पक्क्या घराचा माणूस छपरावरचा कर एकदा भरतो, ताडपत्रीखालचा माणूस दर दोन वर्षांनी भरतो. हा न्याय आहे का? आणि त्या कराचा पैसा त्याच्या झोपडीपर्यंत कधी पोचतो?

मंत्र्यांनी कागदावरून मान वर उचलली. पाण्याचा पेला समोर होता, त्याला हात लावला नाही. ते म्हणाले, दर मी एकटा ठरवत नाही. सगळी राज्यं बसतात त्या परिषदेची शिफारस लागते, आणि अशी शिफारस आलेली नाही. कराचा मोठा वाटा राज्यांकडे जातो. वस्त्यांवरच्या सोयी मुख्यतः राज्यांचा विषय आहे. एका वस्तूला सूट दिली तर दुसऱ्या दहा वस्तू रांगेत उभ्या राहतात. आज माझ्याकडे प्रस्ताव नाही, मी खोटं आश्वासन देणार नाही. सदस्यांचं म्हणणं मात्र मी लिहून घेतलं आहे.

बारा वाजले. दुकानात टाळ्या पडल्या. आप्पांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "नीट उत्तर दिलं," म्हणाले. "पानी न्हाई पिलं. मान वर करून न्हाई म्हनलं." मला त्या क्षणी बापाची इतकी माया आली की मी उठून शिंपीकाकांच्या देखत त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुपारपर्यंत निम्मा बाजार येऊन गेला. लोकसभेत पाटोद्याची ताडपत्री! चहावाल्याने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

दिवेलागणीला आप्पा सोमवार सोडायला ताटावर बसले. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत होते. आईने ऐकून घेतलं, भाकरी वाढली आणि विचारलं, "मंग ती बाई आता कशाखाली हाय?"

आप्पांचा घास हातातच राहिला. बाहेर थंडी पडली होती; आम्ही दारं लावून बसलो होतो. दसऱ्यापासून दोन महिने होत आले होते, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही दोघांनी रोज त्या निळ्या ताडपत्रीकडे बघितलं होतं, पण ती ज्या बाईच्या डोक्यावर असायला हवी होती, तिची आठवण आईला यावी लागली.

मी भडकले. चूक आपली असली की मी जास्तच भडकते. "आप्पा, आधी ताडपत्री देऊन मंग इचारता आलं नसतं का? उंटावरून शेळ्या हाकल्या तुमी! ती तिकडं थंडीत, आन् आपन इथं कोट घालून टाळ्या वाजवायलोत."

आप्पा माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी घास ताटात ठेवला. "आलं असतं," एवढंच म्हणाले. मग ताट जरा सारून, "लई चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मुकादमाला फोन लावून टोळी कुठे आहे ते विचारलं. तेलगावच्या अलीकडे एका फडावर होती. गुडघे दुखत असताना हा माणूस ताडपत्री खांद्यावर टाकून एसटीने निघाला, म्हणून मीही दुकानाला कुलूप लावून बरोबर गेले. भाच्याने पाठवलेलं छापील उत्तर त्यांच्या कोटाच्या खिशात होतं. बीडला गाडी बदलली. तेलगावच्या गाडीत ते खिडकीशी बसून ओठ हलवत होते. मी विचारलं, काय पुटपुटायलाव? म्हणाले, "न्हाई कसं सांगायचं त्ये बघायलोय."

फडावर पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली होती. मोकळ्या केलेल्या वावरात पंधरावीस कोप्या. मावशीची लांबूनच ओळखू आली. जुनी ताडपत्री जागोजाग उसवलेली, तिच्यावर खताच्या गोण्या शिवलेल्या, त्याही कडेने फाटलेल्या. दाराशी दोन वाकळा उन्हात टाकल्या होत्या. रात्रीच्या दवाने त्या ओल्या व्हायच्या, रोज सुकवाव्या लागायच्या, असं मावशीची सून म्हणाली. तिच्या मांडीवर दोनतीन महिन्यांचं लेकरू होतं, टोपडं घातलेलं, नाक वाहत असलेलं. लेकराचा विषय आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. मला तिथे उभं राहवेना.

मावशी हात धुऊन आली. उसाच्या पात्याने तिच्या हाताला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. "आप्पा! उत्तर आलं व्हय?"

"आलं माय," आप्पा म्हणाले. "न्हाई म्हनले."

एसटीत केलेली सगळी तयारी वाया गेली होती. मावशीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "आख्खं वाचा की. न्हाई कसं म्हनले त्ये तर कळू द्या." आणि तिने बाकीच्या बायांना हाका मारल्या. बाया भाकरी हातात घेऊन आल्या आणि गोल बसल्या. आप्पा मधे उभे. त्यांनी छापील उत्तर वाचलं, मंत्री तोंडी काय म्हणाले तेही सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता.

वाचून झालं आणि बायांनी सुरुवात केली. पाण्याचा टँकर तीन दिवसांनी येतो, तो खर्च कुणाकडं हाय? आडोसा न्हाई, बाया कुठं जात्यात त्ये मंत्र्याला ठावं हाय का? पोरं सा महिनं इथं, शाळा तिकडं, त्या शाळंचा कर आमी भरायचा का न्हाई? दवाखाना कोनच्या राज्यात हाय आमचा? एकीचं संपायच्या आत दुसरीचं. आणि आप्पा उभे होते, विभूती लावलेले, कोट घातलेले, हातात कागद. ज्या माणसाने वर्षानुवर्षं बाकड्यावर बसून मंत्र्यांना मार्क दिले, त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी बघितलं, त्यांनी कोरडे पडलेले ओठ चाटले आणि इकडेतिकडे बघितलं. एका बाईने तांब्या पुढे केला. आप्पा गटागट पाणी प्याले.

"मला ठावं न्हाई मायांनो," ते म्हणाले. "मी दुकानदार मानूस. मला वाटलं इचारलं की झालं."

बाया हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. आप्पांनी मग खांद्यावरची घडी उतरवून मावशीपुढे ठेवली. "ही घ्या. हिचं काय देऊ नका. माझ्यापायी महिना-दीड महिना लेकरू दवात निजलं. ह्ये माझ्याकडून."

मावशीचा चेहरा बदलला. "उचला ती," ती म्हणाली. "मी काय भीक मागितली व्हती?"

"भीक न्हाई माय..."

"मंग भाव लावा." तिने कमरेची पिशवी सोडली. दसऱ्याला जे पैसे ताडपत्रीसाठी बाजूला काढले होते, ते तसेच घडीत होते. इतक्या थंडीतही तिने त्यांना हात लावला नव्हता. आप्पांनी नाइलाजाने किंमत सांगितली, नुसती मालाची. तिने पैसे मोजले आणि थांबली. "आन् कर?"

"त्यो मी भरतो. तेवढं तरी करू द्या."

"तुमी भरला तर प्रश्न तुमचा झाला," मावशी म्हणाली. "मी भरनार. भरलेलं दिसलं तर इचारता येतंय. फुकट खानाराला कोन उत्तर देतंय? पावती करा. आन् त्यावर माझं नाव घाला, आख्खं."

आप्पा तिथेच ढेकळावर बसले. गुडघ्यावर पावतीपुस्तक ठेवलं, पेनाचं टोपण काढलं आणि अडकले. पेन कागदावर टेकलेलं, पुढे सरकेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मलाही माहीत नव्हतं. दहा वर्षं ती आमच्या दुकानात आली होती. तिचं म्हणणं दिल्लीपर्यंत गेलं होतं, मंत्र्यांनी ते लिहून घेतलं होतं.

"माय," आप्पा खाली मान घालून म्हणाले, "नाव काय तुमचं?"

मावशीने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं. आप्पांनी एकेक अक्षर विचारून, सावकाश लिहिलं. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने पावती सुनेकडे दिली, सुनेने मोठ्यांदा वाचली. नाव, गाव, किंमत, कर. सगळं बरोबर आहे असं ऐकल्यावर मावशीने ती घडी करून पैशांच्या रिकाम्या पिशवीत ठेवली आणि आप्पांच्या समोर उकिडवी बसली.

"आता परत इचारा मंत्र्याला, माझ्या नावानं," ती म्हणाली.